पुढची डिस्क, चाकाचं बेअरिंग आणि खर्चाचा हिशेब
कोन-पनवेल परिसरातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी

कोनमधली दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी तीन बाजूंनी मार खाते. पहिला मार बोरघाटाचा. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी सुमारे पाचशे मीटर उतरते आणि त्या उताराची बरीचशी ताकद ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन मुरते. दुसरा मार रस्त्याचा. कोन-सावळा रस्त्याने रसायनीकडे रोज जाणाऱ्यांना खड्ड्यांचं वेगळं सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याचा दणका टायरमधून थेट चाकाच्या बेअरिंगवर जातो. तिसरा मार पावसाचा, आणि तो सगळ्यात सावकाश बसतो. जून ते सप्टेंबर गाडी उघड्यावर ओली राहते, अनेकांची तर सोमवार ते शुक्रवार जागची हलत नाही, कारण मालक पनवेलहून लोकलने कामाला जातो.

म्हणून दिवाळीच्या आसपास गॅरेजमध्ये एकच वाक्य वारंवार ऐकू येतं : ‘साहेब, डिस्क गेल्यात, बेअरिंगपण वाजतंय, दोन्ही टाकून घ्या.’ हे वाक्य खरं असू शकतं, अर्धं खरं असू शकतं, किंवा निव्वळ अंदाजही असू शकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे देण्याआधी माप मागा. डिस्कची जाडी मोजता येते, फिरताना तिला येणारा हेलकावा मोजता येतो, बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला जाणवतो. जो मेकॅनिक हे दाखवतो त्याला पूर्ण मजुरी आनंदाने द्यावी.

आधी काय बिघडलंय ते ओळखा

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि पाय काढला की थांबतं, तर संशय डिस्कवर. ब्रेक न दाबताही साठच्या पुढे घूं-घूं असा आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढतो, तर संशय बेअरिंगवर. टायरची झीज वाकडी असेल तर तोही असाच आवाज करतो, म्हणून एक चाचणी करून पाहा : मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात गाडी हलकी डावीकडे वळवा. वळताना भार उजव्या चाकावर जातो. आवाज तेव्हा वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळवताना वाढला तर डावं. टायरचा आवाज वळणावर फारसा बदलत नाही.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली की चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवायला सांगा. प्ले जाणवला तर बहुधा बेअरिंग. फक्त डावी-उजवीकडे, नऊ आणि तीनच्या जागी हलत असेल, तर बेअरिंगला हात लावण्याआधी स्टिअरिंगचा टाय-रॉड एंड बघा, तो कितीतरी स्वस्तात होतो. चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला की खरखर बोटांना कळते. बेअरिंग बिघडायला लागलं की प्ले येण्याच्या कितीतरी आधी ही खरखर येते.

रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसतो त्याला घाबरू नका. डिस्क ओतीव लोखंडाची असते, तिच्यावर काही तासांत गंजाचा पातळ थर चढतो आणि पाच-सहा वेळा ब्रेक लावले की निघून जातो. गाडी तीन-चार आठवडे पावसात उभी राहिली तर मात्र गोष्ट वेगळी. पॅडखालचा भाग झाकलेला आणि बाकीचा उघडा राहतो, गंज असमान खातो, पृष्ठभागावर खळगे पडतात. मग प्रत्येक फेऱ्याला पायाखाली ठोका जाणवतो. एवढ्या खोल गंजावर पॉलिश पेपर घासून काही होत नाही.

डिस्क बदलायची की खरादून घ्यायची?

बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. गंजाखाली दडला असेल तर वायर ब्रशने घासून वाचता येतो. साधारणपणे तो नव्या डिस्कच्या जाडीपेक्षा दोन मिलिमीटरनेच कमी असतो, म्हणजे झिजायला एवढीच जागा. जाडी मायक्रोमीटरने मोजायची, तीही सात-आठ ठिकाणी. साध्या व्हर्निअरच्या जबड्यात बाहेरची न झिजलेली कड येते आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. या एका चुकीपायी बाद झालेल्या डिस्क पुन्हा गाडीवर चढतात.

डिस्क खरादून घेणं, म्हणजे टर्निंग किंवा फेसिंग, एका डिस्कला तीनशे ते पाचशे रुपयांत होतं. जाडी भरपूर असेल आणि दोष फक्त थरथरण्याचा असेल तर हा मार्ग चांगला. पण टर्निंगनंतर उरणारी जाडी किमान आकड्याच्या वर राहायला हवी, आणि पुढची झीज सोसायला थोडी जास्तच हवी. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते, आणि बोरघाटात नेमकं तेच घातक आहे. छोट्या गाड्यांच्या नव्या डिस्क आता इतक्या महाग नाहीत की काठावरच्या जुन्या डिस्कसाठी जीव टांगणीला लावावा. मिलिमीटरचे दशांश मोजत बसण्याऐवजी बदला. मात्र एका बाजूची कधीच नको, पुढच्या दोन्ही एकदम. दोन चाकांवर वेगवेगळी पकड असेल तर ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला खेचते.

थरथरणाऱ्या डिस्कला सर्रास ‘वाकडी झाली’ म्हणतात. खरोखर वाकलेली डिस्क क्वचितच सापडते. बहुतेक वेळा तिची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त झालेली असते, आणि ते होण्याचं मूळ डिस्क ज्यावर बसते त्या हबच्या तोंडावर असतं. हबवर गंजाचा अर्धा-पाव मिलिमीटर खपला राहिला आणि त्यावरच डिस्क बसवली, तर बाहेरच्या कडेला हेलकावा त्याहून मोठा होतो. डिस्क दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरमध्ये पुन्हा थरथर सुरू. मालक म्हणतो नवीन डिस्क खराब निघाली, दुकानदार म्हणतो ओरिजिनल घ्यायला हवी होती. दोष दोघांकडे नसतो. हब वायर ब्रशने लखलखीत साफ करायला दहा मिनिटं लागतात. मग डायल गेज लावून हेलकावा बघायचा. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत हवा, काही कंपन्यांची मर्यादा त्याच्याही निम्मी आहे. हब साफ करूनही हेलकावा जात नसेल, तर बेअरिंग किंवा हब खराब आहे. डिस्क आणि बेअरिंग यांचा हिशेब वेगळा करता येत नाही तो यासाठी : बेअरिंग ढिलं असताना नवी डिस्क टाकली, तर ती डिस्क लवकरच वाया जाते.

डिस्कचा खर्च

खालचे आकडे पनवेल-नवी मुंबई बाजाराचा अंदाज म्हणून घ्या. ब्रँड, मॉडेल आणि दुकान यांनुसार ते खालीवर होतील. एक गोष्ट मात्र पक्की आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. तेव्हा डब्यावर जुनी एमआरपी छापलेली असेल तर सुधारित किंमत विचारून घ्या.

जुनी ऑल्टो, वॅगन-आर या वर्गात पुढच्या डिस्कची जोडी २,२०० ते ३,६०० रुपये, पॅडचा संच ९०० ते १,६००, मजुरी ८०० ते १,५००. ब्रेक ऑइल, कॅलिपरच्या पिनांचं ग्रीस वगैरे सहाशे-नऊशे धरा. एकूण साडेचार ते साडेसात हजार. स्विफ्ट, डिझायरला डिस्क हवा खेळणाऱ्या, मधून पोकळ असतात, म्हणून जोडी साडेतीन ते साडेपाच हजारांपर्यंत जाते आणि एकूण बिल साडेसहा ते साडेदहा हजार होतं. सिटी, व्हर्ना या वर्गात नऊ ते सोळा हजारांची तयारी ठेवावी. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये भागांची किंमत ठरलेली असते, फरक मजुरीत पडतो. तिथे मजुरी दीडपट-दुप्पट लागली तरी आश्चर्य वाटू देऊ नका.

डिस्क बदलताना पॅड नवेच घ्यायचे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चाकोऱ्या कोरलेल्या असतात, ते नव्या सपाट डिस्कवर नीट टेकत नाहीत. आणि कॅलिपरच्या पिना. कोकणच्या हवेत सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. रबराची टोपी फाटते, पाणी आत जातं, पिन जाम होते, मग आतला पॅड संपतो आणि बाहेरचा अर्धा शिल्लक राहतो. काढलेले पॅड हातात घेऊन बघा. आतल्या-बाहेरच्या झिजेत मोठा फरक असेल, तर पिना काढून, साफ करून, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅड बसवू देऊ नका. साधं काळं-पिवळं ग्रीस रबर फुगवतं. टोप्यांचा किट दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणि तो न टाकल्याने हजार-दीड हजारांचे पॅड निम्म्या आयुष्यात जातात.

मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत डिस्कवर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की गंजून चिकटलेली डिस्क आपोआप सुटून येते. ही सोय असताना कुणी जड हातोड्याने डिस्कवर मागून दणके घालत असेल तर थांबवा, कारण ते दणके बेअरिंगही खातं.

बेअरिंगची ‘सर्व्हिस’ कुठे होते, कुठे होत नाही

इथे ग्राहकाचे पैसे सगळ्यात सहज वाया जातात. बोलेरो, सुमो यांसारख्या जुन्या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये टेपर रोलर बेअरिंगं असतात. ती काढून, रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन, सुकवून, नव्या ग्रीसने भरून, नवं सील टाकून पुन्हा बसवता येतात. हे खरं सर्व्हिसिंग. एका चाकाला सील, ग्रीस आणि मजुरी मिळून सातशे ते बाराशे रुपयांत होतं. पावसाळा संपल्यावर दरवर्षी पाहून घ्यावं, पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर लगेच. कारण तापलेला हब थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधाळ दिसलं तर समजा पाणी शिरलंय. या बेअरिंगांचा नट किती आवळायचा यातच कारागिरी आहे : चाक फिरवत आवळायचा, मग थोडा मागे घ्यायचा, आणि नव्या कॉटर पिनने कुलूप करायचा. फार आवळला तर बेअरिंग जळतं.

ऑल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, आय-टेन अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मात्र सीलबंद बेअरिंग असतं. त्यात ग्रीस भरायची सोय नसते. कुणी ‘पुढच्या बेअरिंगचं ग्रीसिंग’ म्हणून अशा गाडीच्या बिलात पैसे लावले, तर नक्की काय केलं ते विचारा. हे बेअरिंग खराब झालं की बदलायचंच. ते नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागात, दाबून बसवलेलं असतं. नकल काढायची, हब प्रेसवर ढकलून बाहेर काढायचा, जुनं बेअरिंग काढायचं, नवं दाबायचं.

ज्या गॅरेजमध्ये हायड्रॉलिक प्रेस नाही, तिथला मेकॅनिक नकल काढून प्रेसवाल्याकडे किंवा खरादवाल्याकडे नेतो. त्यात काही गैर नाही. गैर आहे ते हातोडा आणि पाइप. बेअरिंग नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आणि हब आत दाबताना आतल्या रिंगला खालून आधार द्यायचा. चुकीच्या रिंगवर दणका बसला की गोळ्यांचे बारीक खड्डे मार्गावर उमटतात. त्या दिवशी आवाज येत नाही, पाच-सात हजार किलोमीटरनंतर पुन्हा तीच घूं-घूं. म्हणून गाडी सोडण्याआधीच विचारा : प्रेस इथे आहे की बाहेर नेणार? बाहेर नेणार असाल तर त्याची मजुरी तुमच्या आकड्यात धरली आहे का?

छोट्या गाडीचं बेअरिंग ७०० ते १,५०० रुपयांना मिळतं, प्रेससह मजुरी ८०० ते १,२००. म्हणजे एका चाकाचं काम दीड ते पावणेतीन हजारांत व्हायला हवं. बेअरिंग बराच काळ वाजत ठेवलं असेल तर हबचा दांडा झिजतो, नवं बेअरिंग त्यावर सैल बसतं, आणि हबचे हजार-दोन हजार वाढतात. बोल्टने बसणारं, हबसकट येणारं युनिट असेल तर प्रेस लागत नाही, पण भागच अडीच ते सहा हजारांचा असतो. डिस्कसारखी बेअरिंगं जोडीने बदलण्याची गरज नाही. जे वाजतं तेच बदला.

जुन्या ॲक्सेंटसारख्या काही गाड्यांत डिस्क हबच्या मागच्या बाजूला बोल्टने बसवलेली असते. डिस्क काढायची तर हबच उपसावा लागतो, आणि हब उपसताना बेअरिंगची आतली रिंग बहुधा दुखावतेच. अशा गाडीत डिस्क, पॅड आणि दोन्ही बेअरिंगं एकाच वेळी करणं शहाणपणाचं, कारण मजुरी एकदाच लागते. बोलेरोतही डिस्कसाठी हब उतरवावाच लागतो, तेव्हा ग्रीस आणि सील त्याच वेळी बदलून घ्या. मेकॅनिकने दोन्ही कामं सुचवली तर अशा गाडीत तो लुबाडत नसतो, हे ग्राहकानेही लक्षात घ्यावं.

एबीएस असलेल्या गाड्यांत आणखी एक काळजी. कित्येक बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर ती वाचतो. बेअरिंग उलटं बसलं, किंवा पट्टी नसलेलं स्वस्त बेअरिंग टाकलं, तर मीटरवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. गाडीत एबीएस आहे हे दुकानात भाग घेतानाच सांगा.

भाग कुठला घ्यावा

कोन-पळस्प्याच्या महामार्गावरची गॅरेजं मुख्यत: ट्रक-ट्रेलरसाठी आहेत. कारच्या कामासाठी पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली गाठावं. बेअरिंगमध्ये एसकेएफ, एनबीसी, फॅग ही भरवशाची नावं. पण नाव जितकं मोठं तितके नकली डबे जास्त. एसकेएफने खरा माल ओळखण्यासाठी स्वतःचं ‘ऑथेंटिकेट’ ॲप दिलं आहे, डब्याचा फोटो काढून तपासता येतं. बिल न देता दोनशे रुपये कमी करणाऱ्या दुकानातून बेअरिंग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्कमध्ये थोडी मोकळीक घेता येते. कंपनीची किंवा नावाजलेल्या ब्रेक उत्पादकाची साधी डिस्क पुरते. भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या दिखाऊ डिस्कचा रोजच्या जुन्या गाडीला उपयोग नाही.

भाग तुम्ही आणला तर मेकॅनिक कामाची हमी देतो, भागाची देत नाही. भाग त्याने आणला तर दोन्हीची जबाबदारी त्याची. कुठला मार्ग घ्यायचा ते तुम्ही ठरवा, पण बिलावर भागाचा क्रमांक, ब्रँड, मजुरी वेगवेगळी लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. भंगारात त्यांना फार पैसे येत नाहीत, पण ते हातात आले म्हणजे बदलले होते हे सिद्ध होतं. गाडीला १५ वर्षं होत आली असतील, तर पनवेलच्या एमएच-४६ आरटीओ कार्यालयात नोंदणी नूतनीकरणाची तपासणी होण्याआधी हे काम उरकावं.

ब्रेक ऑइल डिस्कच्या कामाबरोबरच बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषलेलं १४० अंशांच्या आसपास. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. घाटात ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि ब्रेकचं पेडल थेट खाली जातं. दर दोन वर्षांनी चारशे-सहाशे रुपयांचं हे काम टाळू नये.

काम झाल्यावर चाकाचे नट नुसत्या गनने आवळून सोडू देऊ नका. शेवटचा आवळा टॉर्क पान्याने हवा, मारुतीच्या छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर, तोही समोरासमोरच्या नटांना आळीपाळीने. पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा, मध्ये थोडं थंड होऊ द्या, पूर्ण थांबून ब्रेक दाबून ठेवू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळा. नंतर घाट उतरताना चढताना लागतो तोच गिअर ठेवा, न्यूट्रल कधीही नाही.

काम बिघडलं तर आधी गॅरेजला लेखी, मोबाइलवरच्या संदेशाने का होईना, कळवा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे अलिबागचा रायगड जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि ती ऑनलाइन दाखल करता येते. बिल, संदेश आणि जुने भाग तोपर्यंत जपून ठेवा.

आणि महिन्याच्या पगारात सगळं बसत नसेल तर क्रम असा : प्ले आलेलं बेअरिंग आधी, त्याला थांबता येत नाही. किमान जाडीखाली गेलेल्या डिस्क आणि संपलेले पॅड त्याच फेरीत. ब्रेक ऑइल आणि पिना पुढच्या घाटाआधी. नुसती हलकी थरथर, जाडी शिल्लक असताना, दोन महिने थांबू शकते. तोवर हब साफ करून डिस्क पुन्हा बसवून पाहा, अनेकदा तेवढ्यानेच भागतं.